काळा पडदा म्हणजे कोरी पाटी नव्हे

मराठीचा अध्यापक संगणकाविषयी लिहू लागला, की वाचकाच्या अपेक्षा साधारणपणे ठरलेल्या असतात. एक तर तो यंत्रयुगाविषयी खंत व्यक्त करील, किंवा 'माउस'ला मराठीत काय म्हणावे या वादात शिरेल. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टी करावयाच्या नाहीत. विषय अगदी साधा आणि रोजचा आहे. कार्यालयातील संगणक सुरू केला, नाव आणि पासवर्ड दिला, यंत्राने तो स्वीकारला, आणि त्यानंतर नेहमीची चिन्हे दिसण्याऐवजी समोर नुसता काळोख आला, तर काय करावे? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय करू नये? आमच्या मते हा प्रश्न जितका तंत्रज्ञाचा आहे तितकाच वाचनाचा आणि भाषेचाही आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे आपल्या महाविद्यालयांतून जे नाहीसे होत आहे, त्याची नोंदसुद्धा कोठे होत नाही.

परभणी जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय डोळ्यांसमोर आणावे. कार्यालयातील तीन-चार संगणकांवर काय काय असते? अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी तपासलेली कागदपत्रे, मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाचे अहवाल, ग्रंथालयाची दाखलनोंद. मराठी विभागाचा स्वतंत्र संगणक असलाच, तर त्यावर प्रबंधांची प्रकरणे, प्रश्नपत्रिका, वार्षिकांकाचा मजकूर आणि विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेले लोकसाहित्य. हा सारा ऐवज एका यंत्रात आणि बहुधा त्या एकाच यंत्रात असतो. अशा यंत्राचा पडदा एके दिवशी काळा राहतो. शिपाई वायर हलवून पाहतो, लिपिक दोन वेळा बटण दाबून यंत्र बंद-चालू करतो, आणि मग गावातील दुरुस्तीवाल्याला फोन जातो. तो विचारतो, "काय झालं?" इकडून उत्तर जाते, "बंद पडलंय." तो येतो, पाहतो, आणि सांगतो, "फॉरमॅट मारावं लागेल."

'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग आता मराठीत पूर्ण रुळला आहे. मारणे या क्रियापदाचा असा चपखल वापर क्वचितच झाला असेल. ज्या भागावर फॉरमॅट चालवला जातो त्या भागातील मजकुराची सूची पुसली जाते, आणि पुढे नव्या फायली तेथे उतरू लागल्या की जुना मजकूर परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात असेच घडले. एका संशोधक विद्यार्थिनीने तीन उन्हाळे खर्ची घालून टंकित केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात गेल्या. सांगणाऱ्या बायांपैकी दोघी तोवर वारल्या होत्या, त्यामुळे पुन्हा जाऊन विचारण्याचाही मार्ग उरला नव्हता. पुढे त्याच यंत्रावर तोच काळोख पुन्हा आला, तेव्हा उलगडा झाला की यंत्राने आपले चित्र शेजारच्या वर्गातील प्रोजेक्टरच्या तारेवर पाठवले होते आणि प्रोजेक्टर बंद होता. म्हणजे यंत्र निरोगी होते, फक्त दुसरीकडे तोंड करून बसले होते. दोन कळांचे काम होते.

पासवर्ड स्वीकारला गेल्यानंतर यंत्राच्या आत काय घडते, हे साहित्याच्या वाचकालाही समजण्याजोगे आहे. विंडोज प्रणालीत प्रवेशाची जबाबदारी 'विनलॉगऑन' नावाच्या कार्यक्रमाकडे असते. पासवर्ड बरोबर ठरला की तो 'युजरइनिट' या दुसऱ्या कार्यक्रमाला पाचारण करतो. हा दुसरा कार्यक्रम त्या वापरकर्त्याची ठरलेली पूर्वतयारी करतो आणि अखेरीस 'एक्सप्लोरर'ला बोलावतो. आपण ज्याला 'डेस्कटॉप' म्हणतो, ती चिन्हे, तो खालचा पट्टा, तो मेनू, हे सारे एक्सप्लोररचे काम. तो आलाच नाही, तर बाकी सर्व यंत्रणा जागी असूनही आपल्यापुढे काळा पडदा आणि फार तर एक पांढरा बाण एवढेच उरते. नाटकाच्या भाषेत बोलावयाचे तर नट रंगून बसले आहेत, पेटीचा सूर लागला आहे, आणि पडदा ओढणारा मात्र आलेला नाही. अशा वेळी नाट्यगृह पाडून नवे बांधा, असा सल्ला कोणी दिला तर आपण तो मानणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र मुकाट्याने मानतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की काळोख नीट पाहावा. पडद्याचा दिवाच लागलेला नाही, की दिवा आहे पण चित्र नाही? बाण दिसतो की नाही? दिसत असेल तर माउसबरोबर हलतो का? कीबोर्डवरील 'कॅप्स लॉक' दाबल्यावर त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? 'कंट्रोल', 'अल्ट' आणि 'डिलीट' या कळा एकत्र दाबल्यावर निळसर पडद्यावर चार-पाच पर्याय येतात का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते.

पर्याय आले, तर यंत्र जिवंत आहे हे निश्चित. त्यातून 'टास्क मॅनेजर' उघडावा, नवे काम चालवण्याचा पर्याय निवडावा, आणि 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' असे टंकून एंटर दाबावे. पुष्कळदा पडदा तत्काळ उजळतो. बाण नाही आणि पर्यायही दिसत नाहीत, परंतु कॅप्स लॉकचा दिवा लागतो, तर चित्र अन्यत्र जात असण्याचा संभव धरावा. 'विंडोज' आणि 'पी' या कळा दाबून, बाणाच्या कळेने एकेक पर्याय खाली सरकत एंटर देत जावे; चित्र प्रोजेक्टरकडून परत येते. 'विंडोज', 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'बी' या चार कळा एकदम दाबल्या असता चित्र उमटवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक लहानसा आवाज येतो, पडदा क्षणभर लुकलुकतो. कार्यालयातील यंत्र जाळ्याला जोडलेले असेल, तर प्रवेशानंतर ते कधीकधी बंद पडलेल्या सर्व्हरची वाट पाहत राहते. जाळ्याची तार काढून पुन्हा प्रवेश करून पाहावा. आदल्या दिवशी मोठे अद्ययावतीकरण झाले असेल, तर प्रथम पंधरा-वीस मिनिटे काहीही न करणे हाच उपाय. मध्येच वीज तोडण्यासारखे अविचारी कृत्य दुसरे नाही. आपल्याकडे ते कृत्य भारनियमनच आपल्या वतीने करून टाकते, ही गोष्ट वेगळी.

एवढ्याने भागले नाही तर 'सेफ मोड' आहे. प्रवेशाचा पडदा दिसतो आहे, हे आपल्या या विशिष्ट आजारातले सुदैव. तेथील वीजचिन्हावर जाऊन, शिफ्ट कळ दाबून धरून, 'रीस्टार्ट' निवडावे. पुढे दुरुस्तीचे पर्याय येतात. त्यांतील प्रगत पर्यायांतून 'स्टार्टअप सेटिंग्ज'पर्यंत जाऊन चौथा आकडा दाबला, की यंत्र अत्यावश्यक तेवढ्याच सामग्रीनिशी उठते. येथे डेस्कटॉप दिसला, तर दोष मूळ प्रणालीत नसून नंतर आलेल्या कशात तरी आहे: नवा ड्रायव्हर, नवे अद्ययावतीकरण, एखादा विषाणूरोधक किंवा प्रवेशाबरोबर आपोआप सुरू होणारा अन्य कार्यक्रम. एकेक काढून पाहावे. आणि काही काढण्यापूर्वी, सर्वांत आधी, आपल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. यंत्र मुळीच उठत नसले तरी त्यातील डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. ती डिस्क कूटबद्ध असेल तर 48 अंकी कळ विचारली जाते. ती आधीच कागदावर लिहून प्राचार्यांच्या कपाटात ठेवलेली असली पाहिजे. सांगावयाचे ते इतकेच की काळ्या पडद्यामागे मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. तो जातो तो आपल्या उतावीळ उपचाराने.

उतावीळ निदानाचा रोग केवळ तालुक्याच्या गावाला जडलेला नाही. नोव्हेंबर 2009च्या अखेरीस 'प्रीव्हेक्स' या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने जाहीर केले, की प्रवेशानंतर येणाऱ्या काळ्या पडद्याला मायक्रोसॉफ्टची त्या महिन्याची अद्ययावतीकरणे कारणीभूत आहेत. जगभर बातम्या झाल्या. मायक्रोसॉफ्टने तपास करून आरोप नाकारला, आणि 1 डिसेंबर 2009 रोजी प्रीव्हेक्सने दिलगिरी व्यक्त केली. त्या निमित्ताने पुढे आलेला तपशील मराठीच्या अध्यापकाने लक्षात ठेवावा असा आहे. प्रवेशानंतर कोणाला बोलवावयाचे, याचे नाव विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे 'रजिस्ट्री'त, 'शेल' या शीर्षकाखाली लिहिलेले असते. त्या नावाच्या शेवटी 'येथे शब्द संपला' असे सांगणारे एक अदृश्य चिन्ह असावे लागते. एखाद्या घातकी कार्यक्रमाने ती नोंद बदलताना हे अंत्यचिन्ह गाळले, तर नाव बरोबर असूनही ते वाचले जात नाही आणि डेस्कटॉप येत नाही. विरामचिन्हांना गुण का द्यावेत, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण अवश्य सांगावे.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि पुष्कळ मोठे. 19 जुलै 2024 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीने आपल्या सुरक्षा कार्यक्रमासाठी एक सदोष फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख यंत्रे कोलमडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथील पडदा काळा नव्हता, निळा होता, आणि तो प्रवेशापूर्वीच येत होता. म्हणून लक्षण वेगळे. उपाय मात्र बोधप्रद आहे. यंत्र सेफ मोडमध्ये उठवावयाचे, ठरावीक नावाने सुरू होणारी फाइल पुसावयाची, आणि यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. कोठेही सबंध फॉरमॅट मारण्याची गरज नव्हती. सदोष फाइल दीड तासाच्या आतच मागे घेतली गेली, परंतु कोसळलेल्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांपाशी कोणीतरी माणूस स्वतः जाऊन बसल्याखेरीज ती उठली नाहीत. ज्या कार्यालयांत नेमके काय पुसावयाचे हे ठाऊक असलेला माणूस होता, ती लवकर सावरली.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळू. संगणकाच्या मराठीची चर्चा आपण बहुतकरून नामांची चर्चा करतो. शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'पासून भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंत आपल्याकडे नामे घडवण्याची थोर परंपरा आहे, आणि तिचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. परंतु काळ्या पडद्यासमोर बसलेल्या लिपिकाला 'स्क्रीन'साठी प्रतिशब्द नको असतो. त्याला हवे असते ते वाक्य: "पासवर्ड घेतला, त्यानंतर काळं झालं, बाण दिसतो, हलतो, पण दुसरं काही नाही, काल संध्याकाळी अपडेट झालं होतं." या वाक्यात दोन इंग्रजी शब्द आहेत आणि तरीही ते अस्सल मराठी वाक्य आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाच्या कारागिराला ते अर्धे निदान हाती देते. 'बंद पडलंय' हे शुद्ध मराठी असूनही काहीच सांगत नाही.

हे वर्णनसामर्थ्य आपल्या लोकांत नाही असे मुळीच नाही. आमच्या भागातील शेतकरी विहिरीवरच्या मोटरीविषयी बोलू लागला की ऐकत राहावे. मोटर घुमते पण पाणी उचलत नाही, सुरू होताना झटका घेते, एक फेज गेला आहे, पाणी येते पण थांबून थांबून येते. प्रत्येक वाक्यात एक लक्षण आणि प्रत्येक लक्षणात एक कारण. कापसावरील 'लाल्या'चे पाहा. पाने लाल पडणे हे एकच लक्षण. पण ते मॅग्नेशियमच्या कमतरतेने येऊ शकते, तुडतुड्यांमुळे येऊ शकते, पाणी साचल्याने येऊ शकते, रात्रीचे तापमान एकाएकी उतरल्यानेही येऊ शकते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञासमोर लाल पान घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्यांदा प्रश्नच विचारले जातात. पान लाल आहे म्हणून पीक उपटून टाका, असे कोणी सांगत नाही. त्याच शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा महाविद्यालयात लिपिक झाला की संगणकापुढे त्याची वाणी का आटते? आमच्या मते कारण असे की मोटर त्याच्या भाषेत आली आणि संगणक आला तो परीक्षेच्या भाषेत. मोटरीविषयी बोलताना चुकण्याची लाज कोणालाच वाटत नाही. संगणकाविषयी बोलताना इंग्रजी शब्द चुकेल, या भीतीने माणूस बोलणेच टाळतो, आणि मग निदानाचा सारा अधिकार दुसऱ्याच्या हाती जातो.

येथे मराठी विभागाचे काम सुरू होते. अभ्यासक्रमात 'व्यावहारिक मराठी' आपण वर्षानुवर्षे शिकवतो. त्यात अर्ज असतो, इतिवृत्त असते, जाहिरात असते. यंत्राच्या बिघाडाचे दहा ओळींचे वर्णन मात्र बहुधा नसते. हे वर्णन लिहावयास लावले, तर विद्यार्थ्याला काळाचा क्रम, कारण आणि परिणाम यांतील फरक, पाहिलेले आणि अनुमानिलेले यांतील फरक, हे सारे पाळावे लागते. समीक्षेच्या वर्गात आपण याहून वेगळे काय शिकवतो? 'कविता दुर्बोध आहे' एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो, की दुर्बोधता शब्दांत आहे, प्रतिमांत आहे, की तुझ्या वाचनाच्या सवयीत? 'संगणक बंद पडला' हे विधान त्याच जातीचे आहे.

जुन्या फाँटांचा प्रश्न याच्याशी जोडून येतो. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण जे टंकिले, त्यात देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. यंत्र नव्याने सजवले आणि तो विशिष्ट फाँट पुन्हा घातला नाही, तर शाबूत फाइलसुद्धा इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यासारखी दिसते. 'फाइल करप्ट झाली' असे म्हणून ती पुसली जाते. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या हाती आल्यावर कोणा अभ्यासकाने त्यांना निरर्थक रेघोट्या ठरवून चुलीत घातल्या असत्या, तर आज मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ किती दरिद्री झाला असता! मूळ फाँट घालावा किंवा परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, म्हणजे फाइल पूर्ववत वाचता येते.

महानुभावांचा उल्लेख आला आहे, तर आणखी एक गोष्ट. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. त्यातून पाठभेद निर्माण झाले, पण ग्रंथ वाचला, कारण तो अनेकांच्या मुखात होता. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. आपल्या शेजारच्या माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. तो आज वाचता-ऐकता येतो, कारण तो एका यंत्रात अडकून राहिला नाही. जनाबाईंच्या गंगाखेडचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यात बायांच्या ओव्या एकाच डिस्कवर ठेवून ती डिस्क पहिल्या काळोखालाच पुसून टाकणे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून मागण्या अगदी माफक आहेत. प्रत्येक विभागातील महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक त्या यंत्राच्या बाहेर असावी. यंत्राशेजारी एक वही असावी. बिघाड आला की तारीख, वेळ, काय दिसले, त्याआधी काय केले होते आणि कशाने सुटले, हे मराठीत लिहावे. त्या वहीच्या पहिल्या पानावर वर सांगितलेल्या कळा लिहून ठेवाव्यात, कारण ज्या दिवशी त्या लागतील त्या दिवशी पडद्यावर वाचता येणार नाहीत. आणि विभागप्रमुखाच्या लेखी संमतीवाचून, फायली उतरवून घेतल्यावाचून, कोणत्याही यंत्रावर फॉरमॅट चालवू नये. विंडोज 10 या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला आहे. जुनी यंत्रे बदलली जाताना, नव्या आवृत्तीवर नेली जाताना, असे काळे पडदे अधिकच दिसणार आहेत, आणि जुन्या यंत्रांबरोबर काय काय भंगारात जाईल, याचा विचार आताच केलेला बरा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. प्राचीन ग्रंथसंपदा हा त्यामागील एक मोठा आधार होता. ती संपदा आपल्यापर्यंत आली, कारण न समजणारे पानही कोणीतरी जपून ठेवले. पुढच्या पिढ्यांना आपल्या काळातील मराठी मिळावयाची असेल, तर ती कार्यालयांतील आणि विभागांतील याच साध्या यंत्रांतून मिळणार आहे. पडदा काळा झाला असता हात आवरून आधी पाहण्याची आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगण्याची सवय, एवढे मराठी विभागाने आपल्या महाविद्यालयाला दिले तरी पुष्कळ होईल.